बेवारशी तेरा अँप

अर्थिंग प्रेमात पडला हे त्याच्या घरात पाऊल टाकलं की कळायचं. खाटेखाली वायरचे एकतीस तुकडे होते, प्रत्येक तुकडा बरोबर एक मीटर लांबीचा, आणि एकाचाही कशाला उपयोग नव्हता.

अर्थिंग हा वायरमन. कुणाच्याही दारात उभा राहिला की नमस्काराच्या आधी तो विचारायचा, "अर्थिंग आहे ना?" एवढ्यावरून त्याला हे नाव पडलं, आणि इतकं चिकटलं की पुढे पुढे सही करताना तो स्वतःही क्षणभर थांबायला लागला. वय चौतीस. हात स्थिर, जीभ जड. साडेतीनशे घरांत त्याने उजेड पाडला होता, पण स्वतःच्या आयुष्यात काय उजेड पाडलास असं त्याची थोरली बहीण दर महिन्याला फोन करून विचारायची.

मग केबलच्या दुकानात काउंटरवर धाकटी आली. धाकटी म्हणजे ती घरातली धाकटी, पण दुकानातही सगळे तेच म्हणायचे. ती वायर मोजायची, कटरने एका फटक्यात कापायची, वेटोळं करून समोर टाकायची आणि वर बघून हसायची. हे हसणं पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी अर्थिंगला वीस मीटर वायर हवी होती. त्याने एक मीटर घेतली. म्हणजे उद्या पुन्हा येता येईल.

एकतिसाव्या दिवशी धाकटीने कटर खाली ठेवला.

"अहो, रोज एक मीटर वायर नेणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर दुसरं काहीतरी असतो. तुम्ही काय आहात?"

अर्थिंगने विचार केला. वायरमनने घाईत उत्तर देऊ नये. घाई करणारे वायरमन फार दिवस टिकत नाहीत.

"दुसरं काहीतरी," तो म्हणाला.

"मग बाबांना भेटा," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. अर्थिंग दुकानातून बाहेर पडला तो तिसऱ्या चौकापर्यंत चालत गेला. मग त्याला आठवलं, आपण सायकलवर आलो होतो.

धाकटीचे वडील शिंपी होते. चाळीस वर्षं कोट शिवले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मिळून त्यांना गेल्या वर्षी शिवणकामातून निवृत्त केलं होतं. कपडे मापणं बंद झालं. माणसं मापणं चालूच होतं. अर्थिंगला त्यांनी डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं, डावा खांदा पाव इंच खाली आहे असं सांगितलं आणि खुर्ची दिली.

"बोलण्यावरून मी माणूस ओळखत नाही," मास्तर म्हणाले. "बोलतात सगळेच छान. कामावरून ओळखतो. आमच्या घराचं पॅनल बदलायचंय. दारावरच्या मीटरपासून आतल्या पॅनलपर्यंत नवी केबल ओढायची. ते काम तुम्ही करा. नीट केलंत तर धाकटीच्या विषयावर बोलू. नाहीतर चहा पिऊन जा."

अर्थिंगला आभाळ ठेंगणं झालं. मुलगी मागायला आला आणि बदल्यात केबल ओढायला सांगितली, म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यात उतरायला सांगण्यासारखं होतं. तो मनातल्या मनात हसलासुद्धा. तेवढ्यात मास्तरांनी टेबलाखालून एक भेंडोळं ओढून वर ठेवलं.

"केबल मी आणून ठेवलीय. सहाची, म्हणजे सहा चौरस मिलिमीटरची. पंचेचाळीस मीटर."

"धाकटीच्या दुकानातून?"

"छे! तिच्याकडून घेतली की ती शहाणपण शिकवते. दुसऱ्या दुकानातून आणली. आणि हा बघा नवा मेन एमसीबी. त्रेसष्ट अँपचा. जुना चाळीसचा आहे, तो फार नाजूक प्रकृतीचा. आठवड्यातून दोनदा पडतो."

इथे अर्थिंगमधला प्रेमिक एक पाऊल मागे सरला आणि वायरमन पुढे आला.

"मास्तर, एमसीबी आपली सोय बघायला नसतो. तो केबलचा पहारेकरी असतो. केबलला झेपणार नाही एवढा करंट वाहायला लागला की तो ओरडून खाली पडतो. सहाच्या केबलवर त्रेसष्टचा पहारेकरी बसवला, तर भिंतीच्या आत केबल जळत असेल आणि हा म्हणेल, सगळं ठीक आहे, झोपा."

"पण जळेल कशाला? घरात आहे काय एवढं?"

"ते बघूनच केबल ठरते. किती अँप जाणार, किती लांब जाणार. आधी भाराची यादी करू."

मास्तरांनी घर गोळा केलं. घर म्हणजे चार माणसं आणि धाकटी, पण ती दुकानात होती. धाकटीची आई. मास्तरांची थोरली बहीण, जिला सगळे आत्या म्हणत आणि जिला मास्तर अजून घाबरत. आणि धाकटीचा मोठा भाऊ दादा, एका कचेरीत कारकून, लग्न न झालेला, नखं नेहमी कुरतडलेली. सगळे ओळीने उभे राहिले. अर्थिंगने वही काढली. दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही, पाण्याचा पंप, गीझर, कपडे धुण्याचं मशीन.

"आणखी काही?"

"काही नाही," आई म्हणाली.

"काय असणार?" आत्या म्हणाली.

दादा म्हणाला, "मी तर मोबाइलसुद्धा ऑफिसात चार्ज करतो."

"एवढंच," मास्तर म्हणाले, आणि सगळ्यात मोठ्याने म्हणाले.

बेरीज आली साडेपाच हजार वॅट. सगळं एकदम चालू केलं तरी चोवीस अँप. सहाच्या केबलला हे सहज झेपलं असतं. मास्तर मिशीतल्या मिशीत हसले. पण अर्थिंगच्या डोक्यात खडा टोचत राहिला. चोवीस अँपचं घर, आणि चाळीसचा एमसीबी आठवड्यातून दोनदा पडतो? नाजूक प्रकृतीचे जावई असतात, एमसीबी नसतात.

तो पॅनलचं झाकण उघडून बघत असताना आई आली.

"जरा मागच्या पडवीत येता का? तिथला एक बल्ब लुकलुकतोय."

मागच्या पडवीत बल्बच नव्हता. एक टेबल होतं, टेबलावर चादर, आणि आईने चादर उचलली तर खाली ओव्हन. घरगुती नव्हे, चांगला दोन ट्रे मावतील असा.

"अडीच हजार वॅट," अर्थिंग मागची पट्टी वाचून म्हणाला.

"हळू बोला! कोपऱ्यावरच्या बेकरीत तो केक मिळतो ना, तो मी करून देते. दोन वर्षं झाली. हे रोज संध्याकाळी तिथून केक आणतात, खातात आणि मला म्हणतात, घरात असा जमायचा नाही, त्याला बेकरीवाल्याचाच हात लागतो."

"मग सांगत का नाही?"

"सांगितलं तर आधीचं सगळं कौतुक परत घेतील. दोन वर्षांचं कौतुक आहे हो! आणि मेन पडतो तो माझ्यामुळेच. मला माहीत आहे. तुम्ही केबल जाड टाका, पण यांना कळू देऊ नका. शपथ आहे तुम्हाला."

अर्थिंगने शपथ घेतली. होणाऱ्या सासूला नाही म्हणणारा वायरमन अजून जन्मायचा होता. त्याने मनात सहाची केबल खोडली आणि दहाची लिहिली.

पडवीतून आत येतो तर दारात आत्या.

"माझ्या खोलीतला प्लग सैल आहे. बघा."

प्लग पहाडासारखा घट्ट होता. त्यात एक वायर होती, ती टेबलावरून लोंबणाऱ्या पडद्यामागे गेली होती, आणि पडद्यामागे दोन लाल कांड्यांचा हीटर मांजरासारखा बसला होता.

"हे काय आहे?" अर्थिंगने विचारलं.

"हीटर आहे. दिसत नाही?"

"तुम्हाला थंडी वाजते?"

"शब्द जपून वापरा," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं मी या घराला सांगत आलेय की थंडी हे मनाचे खेळ आहेत. माझा भाऊ मफलर गुंडाळतो तेव्हा मी त्याला लोण्याचा गोळा म्हणते. आता या वयात मी माघार घेऊ? पाय गारठतात हो फक्त. माणसाचे पाय त्याच्या तत्त्वांपासून लांब असतात."

"दोन हजार वॅट," अर्थिंगने वहीत न लिहिता डोक्यात लिहिलं.

"मेन पडतो तो याच्यामुळे. कुणाला बोललात तर तुमचं लग्न मी मोडीन. आणि बोलला नाहीत तर जमवीन. मी सांगितलेलं माझा भाऊ टाळत नाही."

दादाने त्याला गॅरेजमध्ये नेलं. दार आतून लावून घेतलं, कडी दोनदा तपासली आणि स्कूटरवरचं कापड उचललं. खाली स्कूटर नव्हती. लोखंडी पिंपासारखी एक भट्टी होती, मातीची भांडी भाजायची.

"स्कूटर?"

"विकली. तिच्या पैशांत ही घेतली. घरी सांगितलंय, डॉक्टरांनी ऑफिसला चालत जायला सांगितलंय." दादाने फळीवरचं फडकं बाजूला केलं. मागे साठेक कप ओळीने उभे होते, प्रत्येकाचा कान वेगळ्या दिशेला. "मागे एकदा घरात माती कालवली तेव्हा मोरीचा पाइप तुंबला आणि सगळं घर तीन दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेलं. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, पुन्हा मातीला हात लावणार नाही. पण हात ऐकत नाहीत हो! मेन माझ्यामुळेच पडतो, मी पापी आहे. हा कप घ्या."

"तीन हजार वॅट," अर्थिंग म्हणाला. कप त्याने घेतला. उभा केला तेव्हा तो थोडा कलला, नम्रपणे.

तिथून तो जो निघाला तो थेट केबलच्या दुकानात. धाकटी काउंटरवर हनुवटी टेकून वाटच बघत होती.

"बाबांनी सहाची आणलीय ना? मला कळलंय."

"दहाची लागेल," अर्थिंग म्हणाला. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "नाही, सोळाची." मग छताकडे पाहून मीटर ते पॅनल किती लांब आहे ते आठवलं. "बेचाळीस मीटर. एवढं अंतर चालून व्होल्ट दमतात. पातळ केबल असली तर निघताना दोनशे तीस असतात आणि घरात पोचेपर्यंत धापा टाकतात. पंचवीसची द्या."

"चौकात उभं राहून लिलाव करताय का?" धाकटी खो खो हसली. "सहावरून पंचवीस? आमच्या घरात काय हत्ती पाळलाय?"

"सांगता येत नाही."

"मला?"

"तुम्हाला पण नाही. विश्वासाने सांगितलंय त्यांनी."

धाकटी हसायची थांबली. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की अर्थिंगला आपला डावा खांदा पाव इंच वर आल्यासारखा वाटला.

"बाबांना काय सांगाल?"

"तेच. सांगता येत नाही."

"मग झालंच आपलं लग्न," ती म्हणाली.

झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थिंगने मास्तरांना सांगितलं की सहाची चालणार नाही, पंचवीसची लागेल. मास्तरांनी चष्मा काढला.

"चौपट? का?"

"भार जास्त आहे."

"कुठे आहे? यादी तुमचीच. चोवीस अँप."

"यादीत नाही तो."

"मग कुठे आहे?"

"ते सांगता येणार नाही."

मास्तर उभे राहिले. आई, आत्या आणि दादा दाराआड तीन थरांत ऐकत होते.

"हे बघा," मास्तर म्हणाले, "माझ्याकडे कुणी शर्ट शिवायला आलं आणि मी म्हटलं दहा मीटर कापड आणा, का ते सांगणार नाही, तर लोक मला काय म्हणतील? कापडचोर. आज दुपारपर्यंत मला कारण द्या. नाहीतर ही सहाची ओढा. तेही नसेल जमत, तर वाट धरा, आणि धाकटीचा विषय बरोबर घेऊन जा."

आता अर्थिंगची खरी पंचाईत झाली. सहाची ओढली असती तर मुलगी मिळाली असती आणि सासुरवाडी जळाली असती. खरं सांगितलं असतं तर तिघांचा विश्वास गेला असता. आणि गप्प राहिलं तर धाकटी गेली असती. त्याने भेंडोळ्यातली केबल हातात घेतली, खाली ठेवली, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा घाईने बोलला.

"सहाची मी ओढणार नाही. मुलगी नका देऊ. पण त्रेसष्टच्या मागे सहाची मी नाही ओढणार. तुम्ही या घरात झोपता."

दाराआड कुणीतरी नाक ओढलं. मास्तर थोडे गडबडले. घरात शिव्या खाऊनही न ऐकणारी माणसं त्यांनी बरीच पाहिली होती, पण मुलगी सोडतो म्हणून न ऐकणारा हा पहिलाच.

"शिंप्याने गिऱ्हाइकाला कंबर विचारायची नसते," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "बत्तीस सांगतात, अडतीस निघते. टेप लावायचा. तुमच्या धंद्यात टेप नाही का?"

"आहे," अर्थिंग म्हणाला. क्लॅम्प मीटर म्हणजे चिमट्यासारखं यंत्र. एका वायरीभोवती त्याचा जबडा मिटला की आतून किती अँप चाललेत ते दाखवतं. दोघे दारापाशी मीटरच्या पेटीकडे गेले. मागोमाग सगळं घर. अर्थिंगने जबडा मिटला. आकडा आला सहा.

"सहा!" मास्तरांनी टाळी वाजवली. "सहाची केबल, सहा अँप! काय फिटिंग आहे! बसला का विश्वास?"

आई, आत्या आणि दादा जमिनीकडे बघत उभे होते, हात पुढे बांधून, वर्गातल्या शहाण्या मुलांसारखे. तेवढ्यात धाकटी दुकानातून जेवायच्या सुट्टीत आली. तिने आकडा पाहिला, ओळ पाहिली, अर्थिंगचा उतरलेला चेहरा पाहिला आणि त्याला फाटकापलीकडे ओढलं.

"कुणाचं काय ते मला सांगू नका," ती पुटपुटली. "पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाचं माप बाबा कसं घ्यायचे, माहितीये? त्याला गप्पांत गुंतवायचे. गिऱ्हाईक विसरलं, श्वास सोडला, की टेप आवळायचा. आमच्या घराने पोट आत ओढलंय का?"

"ओढलंय," अर्थिंग म्हणाला.

"मग सोडायला लावू."

पुढच्या दहा मिनिटांत धाकटीने जे केलं त्याला खोटं बोलणं म्हणणं कठीण आहे, कारण तिने प्रत्येकाला त्याला हवं तेच सांगितलं. आईला म्हणाली, बाबा अर्थिंगबरोबर बाजारात निघालेत, आत्या आणि दादापण बाहेर जातायत, घर तासभर रिकामं. आत्याला म्हणाली, तू सोडून सगळे चाललेत. दादाला तेच. बाबांना म्हणाली, अर्थिंग सामान आणायला गेलाय, आई, आत्या, दादा शेजारी जाऊन बसतायत, तुम्ही जरा आडवे व्हा.

मग जी पांगापांग झाली तशी कुठल्या आगीतही होत नाही. आई पिशवी घेऊन, "येते हं, तासभर लागेल," असं कुणालाही न सांगता सांगून पुढच्या दाराने बाहेर पडली आणि घराला वळसा घालून मागच्या पडवीत शिरली. आत्याने "मी फिरायला जाते, मोकळ्या हवेत, स्वेटरशिवाय" अशी घोषणा केली, फाटक वाजवलं, आणि आतल्या बाजूनेच परत फिरली. दादा तर शीळ घालत कोपऱ्यापर्यंत गेला, मागे वळून बघितलं आणि वाकून, कुंपणाखालून, ऑफिसच्या शर्टसकट गॅरेजमध्ये सरकला.

अर्थिंग आणि धाकटी मीटरच्या पेटीमागे उकिडवे बसले. आकडा सोळावर होता, कारण पंप आणि गीझर आता चालू झाले होते. अर्थिंगच्या छातीत पंपाहून मोठा आवाज येत होता. धाकटीचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता.

"सत्तावीस!" ती कुजबुजली.

ओव्हन, अर्थिंग मनात म्हणाला. तोंडाने म्हणाला, "हं."

"छत्तीस!"

हीटर. "हं."

"अहो, एकोणपन्नास! आमचं घर आहे की कारखाना?"

भट्टी. झालं, आता थांबणार. अर्थिंगने बेरीज पुन्हा केली. बरोबर होती. त्याने सुटकेचा श्वास टाकला, आणि आकडा टुणकन उडी मारून बासष्टवर जाऊन बसला.

"हे कुणाचे?" अर्थिंग ओरडलाच. "हे तेरा अँप कुणाचे?"

"मला काय विचारता? तुम्हाला सगळं माहीत आहे ना?"

"एकोणपन्नासपर्यंत माहीत आहे! हे तेरा बेवारशी आहेत!"

"मी तर इथे आहे," धाकटी म्हणाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आई पडवीत, आत्या खोलीत, दादा गॅरेजमध्ये. घरात माणूस एकच उरत होता, आणि तो आडवा झाला होता. धाकटीने तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांतून, नाकातून, डोळ्यांतून गळायला लागलं. अर्थिंगलाही आवरेना. दोन शहाणीसुरती माणसं विजेच्या पेटीला धरून गदागदा हलत होती, इतकी की रस्त्यावरून जाणाऱ्या पोस्टमनने लांबून विचारलं, "शॉक लागला का हो?"

चार मिनिटं चाळीसच्या एमसीबीने धीर धरला. आतून खट्ट आवाज आला. आकडा शून्य.

दोघे धावत आत गेले तेव्हा पॅनलसमोरच्या बोळात चार दिशांनी चार माणसं येऊन थडकली होती, आणि चौघंही दुसऱ्याला बघायच्या आधीच बोलून मोकळी झाली होती.

"माझ्यामुळे!" आई. हातात केकचा साचा.

"मीच ती!" आत्या. पायात तीन मोजे.

"मी पापी आहे!" दादा, कोपरापर्यंत मातीत.

"माझं चुकलं!" मास्तर म्हणाले. गळ्यात टेप, एका हातात अर्धा इस्त्री झालेला कोट, दुसऱ्या हातात वाफेची नळी. माळ्यावरच्या खोलीतून, जिथे घरच्यांच्या समजुतीप्रमाणे जुनी पुस्तकं होती, पांढरी वाफ जिन्यावरून शांतपणे खाली उतरत होती.

मग आत्याने वाफेकडे पाहिलं.

"कंबर दुखते म्हणून तुला बसवला होता ना रे?"

"वाफेने बरी वाटते," मास्तर म्हणाले. "तीन हजार वॅटचं प्रेस आहे. जुनी गिऱ्हाइकं मागच्या जिन्याने येतात. तुझ्या पायात ते काय आहे?"

"विषय बदलू नकोस."

मास्तर वळले ते बायकोच्या हातातल्या साच्यापाशी थांबले. त्यांनी साच्याचा वास घेतला. पुन्हा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरून दोन वर्षांच्या संध्याकाळी एकामागून एक सरकत गेल्या.

"बेकरीवाला..." ते म्हणाले.

"मी," आई म्हणाली.

"रोजचा?"

"रोजचा. कौतुक परत घ्यायचं असेल तर घ्या."

"परत कसं घेणार?" मास्तर हताश होऊन म्हणाले. "खाल्लाय मी तो!" मग त्यांना काय झालं कुणास ठाऊक, ते हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांद्यांनी, मग वाफेच्या नळीसकट. आई हसली, दादा भिंतीला टेकला आणि भिंतीवर मातीचा पंजा उमटला. आत्याने शक्य तितका वेळ धीर धरला, पण पायात तीन मोजे घालून माणसाला फार वेळ गंभीर राहता येत नाही.

डोळे पुसून मास्तर अर्थिंगकडे आले.

"तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"तिघांचं. तुमचं नव्हतं. तुमचे अँप बेवारशी निघाले."

"मी कापडचोर म्हटलं तेव्हाही माहीत होतं? मुलगी हातची जातेय हे दिसत असताना?"

"त्यांनी विश्वासाने सांगितलं होतं."

"बघितलंस?" आत्या म्हणाली. "मी सांगतेय म्हणून नाही, पण हा चांगला आहे."

मास्तरांनी अर्थिंगची वही ओढून घेतली. ओव्हन, हीटर, भट्टी, प्रेस अशी चार नावं स्वतःच्या हाताने, खडूने कापडावर खुणा कराव्यात तशी ठसठशीत लिहिली.

"सगळं मिळून?"

"सत्तर अँप, एकदम चालू केलं तर. पंचवीसची केबल, आणि पॅनलला ऐंशीचा मेन. केबलला शंभरपर्यंत झेपतं, म्हणजे पहारेकरी केबलच्या आधी जागा होईल. आणि बेचाळीस मीटर चालूनही व्होल्ट दमणार नाहीत. वीज कंपनीकडून तेवढा भार मंजूर करून घ्यावा लागेल. तो अर्ज मी देतो."

"म्हणजे सत्तरच्या अंगाला ऐंशीचा कोट." मास्तर विचारात पडले. "पण घर वाढतं. माळ्याशेजारची खोली रिकामी आहे. तिथे उद्या कुणी राहायला आलं तर?" त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली आणि चष्म्यावरून बघितलं. "बोल. तुझं काय आहे?"

'तुम्ही'चा 'तू' कधी झाला हे बोळातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं, अर्थिंग सोडून.

"माझं कुठे काय?"

"लपवू नकोस. या घरात प्रत्येकाचं काहीतरी आहे. तू काय घेऊन येणार?"

अर्थिंगने आईकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. सगळ्यांनी त्याला विश्वासाने सांगितलं होतं. धाकटीकडे मात्र त्याला बघवेना.

"शंभर वॅटचा एक बल्ब," तो म्हणाला. "रात्रभर चालू लागतो."

"कशाला?"

"अंधाराची भीती वाटते."

साडेतीनशे घरं उजळणाऱ्या माणसाने हे सांगितलं तेव्हा दादाने त्याच्या पाठीवर मातीचा हात ठेवला. आत्या म्हणाली, "भीती हे मनाचे खेळ आहेत," आणि लगेच आपल्या पायांकडे बघून पुढचं वाक्य गिळलं.

"अर्धा अँपसुद्धा नाही," मास्तर पुटपुटले आणि लिहायला लागले.

"थांबा बाबा," धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "शंभर वॅट तोंडावर घेऊन मी झोपायचं होय? नऊ वॅटचा एलईडी चालेल का?"

"चालेल," अर्थिंग म्हणाला.

"आणि तोही माझ्या बाजूला नाही."

"नाही."

"पाचचा?"

अर्थिंगने तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती, काउंटरवरचं तेच हसणं, पण आता मध्ये काउंटर नव्हता.

"तुम्ही असाल तर तीनचा पण चालेल," तो म्हणाला.

मास्तरांनी शंभर खोडलं, नऊ खोडलं, पाच खोडलं. तीन लिहिलं. मग पेन्सिल कानावर अडकवून बायकोला म्हणाले, "अगं, तो साचा खाली ठेव आणि ओव्हन पुन्हा चालू कर. बाकी कुणी कशाला हात लावू नका. आज या घरात एकाच वेळी एकच गोष्ट चालू राहील, आणि ती केक असेल."